बाजू काढायची की 'सांगता येत नाही' लिहायचं? त्रिकोणातली माहिती पुरेशी आहे का, हे ओळखण्याची रीत

'काटकोन त्रिकोणाचा कर्ण 10 सेंमी आहे, तर उरलेल्या दोन बाजू किती?' एवढं फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर येतं, '6 आणि 8, सर!' परळच्या आमच्या क्लासात दर वर्षी हे ठरलेलं आहे. पोरं बदलतात, उत्तर तेच.

6-8-10 चा त्रिकोण आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण 5 आणि √75 हाही आहे. 1 आणि √99 हाही आहे. दोन्ही बाजू √50 असलेलाही आहे. या सगळ्यांचा कर्ण 10 च. म्हणजे प्रश्नाचं खरं उत्तर 'सांगता येत नाही' असं आहे, आणि नेमकं ते लिहायला हात धजत नाही. शाळेतली दहा वर्षं आपण असं धरून चालतो की गणित दिलंय म्हणजे त्याला उत्तर असणारच.

स्पर्धा परीक्षेत ही सवय महागात पडते. यूपीएससीच्या सीसॅटच्या अभ्यासक्रमात 'डेटा सफिशियन्सी' म्हणजे माहिती पुरेशी आहे का हे तपासणं, असा विषय नाव घेऊन दिलेला आहे, तोही दहावीच्या पातळीचा. राज्यसेवेला आणि बँकांच्या परीक्षांनाही असे प्रश्न येतात. तिथे बाजूची लांबी कोणी विचारत नाही. ती काढता येईल का, एवढंच विचारतात. ज्यांनी दहावीनंतर भूमितीला रामराम ठोकला आणि आता पुन्हा कंपासपेटी शोधायची वेळ आली, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवातीला एकच प्रश्न मनात पक्का करा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच पोटात आहेत: दिलेल्या सगळ्या अटी पाळून, पण मागितलेल्या बाजूची लांबी वेगवेगळी ठेवून, मला दोन त्रिकोण काढता येतात का? येत असतील तर माहिती अपुरी. कितीही प्रयत्न केला तरी तशी जोडी सापडत नसेल, तर माहिती पुरेशी. मग ती लांबी मला प्रत्यक्ष काढता आली नाही तरी चालेल. थोडक्यात, तुमचं काम उत्तर शोधण्याचं नाही, उत्तर मोडून दाखवण्याचं आहे. वकिली डोकं असलेल्या मुलांना हे चटकन जमतं, असा माझा अनुभव आहे. गणितात हुशार असलेली मुलं उलट आकडेमोडीत अडकतात.

पायरी 1: काय मागितलंय त्याखाली रेघ मारा

'त्रिकोणाच्या बाजू काढता येतील का' आणि 'बाजू अब काढता येईल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घाईत दोन्ही सारखेच वाटतात. मागितलेली बाजू आकृतीत लाल पेनाने गिरवा, दिलेली माहिती निळ्याने लिहा.

आकृती मुद्दाम वेडीवाकडी काढा. आपला हात आपोआप समभुज किंवा छान काटकोनी त्रिकोण काढतो, आणि पाच मिनिटांनी डोळा त्या चित्रालाच माहिती समजायला लागतो. छापील आकृतीवरही विश्वास ठेवू नका. कोपऱ्यात काटकोनाची चौकट नसेल तर तो काटकोन नाही, मग दिसायला कितीही तसा दिसो.

पायरी 2: एक तरी लांबी आहे का?

नुसते कोन दिले असतील तर पुढे वाचायचंही कारण नाही. 50, 60 आणि 70 अंशांचा त्रिकोण वहीत मावेल एवढा काढता येतो आणि शिवाजी पार्कएवढाही काढता येतो. दोन्ही समरूप, पण बाजू वेगळ्या. बाजूंची गुणोत्तरंही तशीच. 3:4:5 म्हटल्याने आकार कळतो, माप कळत नाही.

ही गोष्ट भारताच्या नकाशाशी जोडलेली आहे. विल्यम लॅम्टन यांनी 1802 साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, तेव्हा पहिलं काम कोन मोजण्याचं नव्हतं. आधी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा काटेकोरपणे मोजली. त्यानंतर डोंगरावरून डोंगरावर दुर्बिणीने कोन मोजत त्रिकोणांचं जाळं देशभर पसरत गेलं. ती एक लांबी नसती, तर हजारो कोन मोजूनही दोन गावांमधलं अंतर कुणाला सांगता आलं नसतं.

लांबी मात्र वेष बदलून येते. परिमिती, क्षेत्रफळ, शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब), मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतची रेघ), परिवर्तुळाची म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या, यांतलं काहीही चालतं. तीन कोन आणि क्षेत्रफळ दिलं की तिन्ही बाजू मिळतात, कारण आकार ठरलेला असताना क्षेत्रफळ एकाच मापाला जुळतं. 'बाजू एकही दिलेली नाही, म्हणून अपुरी' असं म्हणणाऱ्याचा इथे गुण जातो.

पायरी 3: शब्दांत दडलेली माहिती मोजा

साधारण हिशेब असा, की त्रिकोण पक्का व्हायला एकमेकींपासून स्वतंत्र अशा तीन गोष्टी लागतात. 'स्वतंत्र' या शब्दावर जोर आहे. तीन कोन म्हणजे तीन गोष्टी नव्हेत, दोनच, कारण तिसरा 180 मधून आपोआप येतो.

विशेषणंही मोजायची. 'काटकोन' म्हणजे एक गोष्ट. 'समद्विभुज' म्हणजे एक. 'समभुज' म्हणजे दोन, म्हणून समभुज त्रिकोणाची फक्त उंची दिली तरी काम होतं. 'समद्विभुज काटकोन' म्हणजेही दोन, त्यामुळे त्यालाही एकच लांबी पुरते. सुरुवातीचा आमचा प्रश्न आता पाहा: काटकोन ही एक, कर्ण 10 ही दुसरी. तिसरी नाहीच.

फुकटच्या माहितीला भुलू नका. 'समभुज त्रिकोण, प्रत्येक कोन 60 अंश' यातलं दुसरं वाक्य नवीन काहीच सांगत नाही. भाजीवाल्याने दिलेल्या कोथिंबिरीसारखं आहे ते, पिशवी भरल्यासारखी वाटते, वजन वाढत नाही.

पायरी 4: कसोटी लावा, आणि बाबाको दिसली की थांबा

आता शाळेतल्या एकरूपतेच्या कसोट्या आठवा. तेव्हा त्या 'सिद्ध करा' साठी पाठ केल्या होत्या, त्यांचा खरा उपयोग इथे आहे. दोन त्रिकोण एकरूप असायला जेवढी माहिती पुरते, तेवढीच एक त्रिकोण पक्का करायलाही पुरते.

तीन बाजू (बाबाबा), दोन बाजू व त्यांच्यामधला कोन (बाकोबा), दोन कोन व मधली बाजू (कोबाको), दोन कोन व त्यांतल्या एकासमोरची बाजू (बाकोको), आणि काटकोन त्रिकोणात कर्ण व एक भुजा, म्हणजे काटकोनालगतची बाजू: यांतलं काही हाती असेल तर माहिती पुरेशी, पुढे चला. बाजू काढायला साइन किंवा कोसाइनचा नियम लागेल, पण तो आपल्याला वापरायचा नाहीये.

घोळ होतो तो दोन बाजू आणि त्यांच्या *मधला नसलेला* कोन (बाबाको) दिला की. पुस्तकात अशी कसोटी नसते, आणि ती का नसते हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते नीट समजावून सांगता आलं ते आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवामुळे.

मांडवाचं काम चालू होतं. 10 फुटांचा एक बांबू जमिनीशी 30 अंशांचा कोन करून तिरका रोवला होता, म्हणजे त्याचं वरचं टोक जमिनीपासून 5 फुटांवर. (30 अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, ते इथे कामाला येतं.) टोकाला 6 फुटांची दोरी बांधून ती ताणून जमिनीत खुंटीला बांधायची होती. पोराने विचारलं, 'काका, खुंटी कुठे ठोकू?' मांडववाले काका म्हणाले, 'आतल्या अंगाला की बाहेरच्या, ते ठरव आधी.' मी तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीचा तास त्या एका वाक्यावर झाला.

टोक 5 फूट उंच आहे आणि दोरी 6 फूट. म्हणजे टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून √11, साधारण 3.3 फूट, अलीकडेही दोरी पोचते आणि तेवढीच पलीकडेही. बांबूच्या बुंध्यापासून मोजलं तर खुंटी एकदा सुमारे 5.3 फुटांवर येते आणि एकदा सुमारे 12 फुटांवर. बांबू तोच, कोन तोच, दोरी तीच, पण जमिनीवरची बाजू वेगळी. हीच आपली मोडून दाखवणारी जोडी.

आता दोरीची लांबी बदलत जा:

- 4 फूट असेल तर ती जमिनीला टेकतच नाही. त्रिकोणच नाही.
- बरोबर 5 फूट असेल तर सरळ खाली लोंबते. एकच त्रिकोण, काटकोनी.
- 5 पेक्षा जास्त पण 10 पेक्षा कमी असेल तर खुंटीच्या दोन जागा. माहिती अपुरी.
- 10 किंवा त्याहून जास्त असेल तर आतली जागा बुंध्यावर येते किंवा बुंध्याच्या मागे जाते, आणि मागे गेल्यावर कोन 30 चा राहत नाही. म्हणून जागा एकच.

हा 'दोरीचा नियम' लक्षात ठेवा. दिलेल्या कोनासमोरची बाजू म्हणजे दोरी, कोनाला लागून असलेली दिलेली बाजू म्हणजे बांबू. दोरी बांबूएवढी किंवा त्याहून मोठी असली की माहिती पुरेशी. लहान असली तर टोकाची उंची तपासा. आणि दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर निर्धास्त राहा, दोन त्रिकोण होऊच शकत नाहीत. कर्ण-भुजा कसोटी चालते ती म्हणूनच.

गंमत म्हणजे या दुहेरी प्रकाराचं पूर्णांकातलं उदाहरणही आहे. एक बाजू 8, तिच्या एका टोकाला 60 अंशांचा कोन, त्या कोनासमोरची बाजू 7. तिसरी बाजू 3 ही चालते आणि 5 ही. प्रश्न काढणाऱ्यांना आकडे सुटसुटीत हवे असतात, तेव्हा हे त्रिकूट डोक्यात असू द्या.

पायरी 5: तीनचा हिशेब कुठे फसतो

पायरी 3 चा हिशेब सोयीचा आहे, पण त्याला दोन्ही बाजूंनी गळती आहे.

कधी तीनपेक्षा कमी माहितीत काम होतं, कारण त्रिकोण पूर्ण ठरलेला नसतो, पण मागितलेली बाजू ठरलेली असते. 'क्षेत्रफळ 24, पायावरचा शिरोलंब 6, पाया किती?' 8, संपलं. शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवर हवा तिकडे सरकवा, बाकीच्या बाजू बदलतील, पाया जागचा हलणार नाही. 'दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड 7, तिसरी बाजू किती?' 14, आणि हेही एका आकड्यावर. काटकोन त्रिकोणात कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी असते, त्यामुळे ती 6.5 दिली की कर्ण 13. भुजांबद्दल मात्र अवाक्षर कळत नाही. पायरी 1 ला रेघ मारायला सांगितली होती ती यासाठी.

कधी उलट होतं, तीन गोष्टी असूनही भागत नाही. दोरी-बांबूचा प्रकार झालाच. दुसरा प्रकार दोन बाजू आणि क्षेत्रफळाचा. बाजू 5 आणि 8, क्षेत्रफळ 10 असेल, तर मधल्या कोनाचा साइन ½ येतो. पण तो कोन 30 चा असेल किंवा 150 चा. तिसरी बाजू एकदा साधारण 4.4, एकदा साधारण 12.6. म्हणून अपुरी. पण त्याच बाजू ठेवून क्षेत्रफळ 20 केलं तर? 5 आणि 8 बाजूंचा त्रिकोण याहून मोठा होऊच शकत नाही, कोन 90 वर अडकतो आणि तिसरी बाजू √89 ठरते. एक आकडा बदलला आणि निकाल फिरला. म्हणून 'अशा प्रकारचं गणित म्हणजे अपुरी' अशी पाठांतरं करू नका.

नववीच्या भूमितीत रचनेचा एक धडा असतो: पाया, पायालगतचा एक कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची *बेरीज*, आणि मग तसंच *फरक* दिल्यावर. बहुतेकांनी तो 'कंपासने करायचं काहीतरी' म्हणून उरकलेला असतो. खरं तर माहिती पुरेशी आहे का, हे शिकवणारा त्याहून चांगला धडा नाही. पाया 8, कोन 60 अंश, उरलेल्यांची बेरीज 12 घ्या. बाजू 5 आणि 7 येतात, दुसरं काही येत नाही. आता बेरजेच्या जागी 'फरक 2' लिहा. कोनालगतची बाजू लहान असेल तर 5 आणि 7. कोनालगतची बाजू मोठी असेल तर 15 आणि 13. कोसाइनच्या नियमात घालून पाहा, दोन्ही बसतात. कोणती बाजू मोठी हे सांगितल्याशिवाय फरकाला अर्थ नाही. म्हणून त्या धड्यात फरकाची रचना दोन प्रकारांत शिकवतात.

आणि एक बारीक काटा. 'काटकोन त्रिकोण, कर्ण 10, भुजा पूर्णांकात' असं असेल तर भुजा 6 आणि 8 च. मागच्या बाकाला इथे न्याय मिळतो. पण प्रश्न 'अब किती?' असा असेल आणि अब ही कोणती भुजा ते सांगितलं नसेल, तर 6 की 8 हे तरीही ठरत नाही. कर्ण 25 घेतला तर त्याहून वाईट: 7-24 आणि 15-20 असे दोन वेगळे त्रिकोण तयार होतात.

पायरी 6: असा त्रिकोण आहे तरी का?

कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते शस्त्र म्हणून कुणी वापरत नाही. समद्विभुज त्रिकोणाच्या दोन बाजू 4 आणि 9 आहेत, तिसरी किती? 4, 4, 9 चा त्रिकोण होतच नाही, म्हणून 9. पुरेशी. आता 4 आणि 9 च्या जागी 5 आणि 8 लिहा. 5-5-8 होतो, 5-8-8 ही होतो. अपुरी. प्रश्नाची भाषा अक्षरशः तीच, आणि उत्तर उलटं.

तसंच, दोन बाजू 5 आणि 8 असतील तर तिसरी 3 आणि 13 च्या मधली. 'तिसरी बाजू 7 ने भाग जाणारी पूर्णांक संख्या आहे' एवढं पुढे जोडलं की ती 7 च. दिसायला फुसकी वाटणारी अशी अट कधी कधी एकटीच बाजी मारते.

नोकरीच्या मुलाखतींमध्ये फिरत राहणारा एक प्रश्न: काटकोन त्रिकोणाचा कर्ण 10, त्यावरचा शिरोलंब 6, क्षेत्रफळ किती? जो तो 30 म्हणतो. पण काटकोनाचा शिरोबिंदू कर्ण हा व्यास असलेल्या वर्तुळावर असतो, आणि तिथून कर्ण जास्तीत जास्त त्रिज्येएवढा, म्हणजे 5 वर असू शकतो. 6 चा शिरोलंब असलेला असा त्रिकोण जगात नाही. स्पर्धा परीक्षेच्या कागदावर माहिती सहसा अशी विसंगत नसते. स्वतः प्रश्न तयार करून सराव करणाऱ्यांकडून मात्र ही चूक हमखास होते, माझ्याकडूनही झाली आहे, भर वर्गात.

परीक्षेतली दोन विधानं

परीक्षेत साचा ठरलेला असतो: एक प्रश्न, खाली दोन विधानं, आणि कोणतं विधान एकटं पुरेसं आहे, दोन्ही मिळून लागतात की दोन्ही मिळूनही भागत नाही, एवढंच सांगायचं. त्याची सवय अशी करा. एक उदाहरण घेऊ.

*त्रिकोण अबक मध्ये म हा बक चा मध्यबिंदू आहे. बक किती?*
*विधान 1: कोन अ = 90°, अब = 5.*
*विधान 2: अम = 6.5.*

विधान 2 वर हात ठेवून झाका आणि 1 वाचा. काटकोन आणि एक भुजा. दुसरी भुजा हवी तेवढी लांबवता येते, कर्णही लांबतो. अपुरं. आता विधान 1 झाका. खरंच झाका, हाताने. एक मध्यगा 6.5 आहे, बाकी काही नाही. इथेच शेकडो पोरं 'मध्यगा कर्णाच्या निम्मी, म्हणून 13' असं करून '2 एकटं पुरेसं' वर खूण करतात. काटकोन कुठून आला? झाकलेल्या विधानातून डोक्यात राहिलेला. काटकोन नसेल तर 6.5 ची मध्यगा कितीही लांबीच्या बाजूवर बसवता येते. म्हणून 2 एकटंही अपुरं. दोन्ही एकत्र घेतली की कर्ण 13, उत्तर 'दोन्ही मिळून पुरेशी'.

अब = 5 ची गरजच लागली नाही, हेही पाहून ठेवा. प्रश्न काढणारा अशी एखादी बिनकामाची सोंगटी पटावर ठेवतोच, ती वापरली पाहिजे असं नाही.

क्रम कायम हाच ठेवा: आधी 1 एकटं, मग 2 एकटं, आणि दोन्ही अपुरी ठरली तरच एकत्र. एकत्र विचार आधी केला की सुटा विचार नंतर करता येत नाही.

सरावाला चार प्रश्न देतो. उत्तरं लगेच खाली आहेत, आधी हाताने झाका.

क) दोन बाजू प्रत्येकी 5, त्यांतल्या एकीच्या समोरचा कोन 70 अंश. तिसरी बाजू?
ख) परिमिती 30, दोन बाजूंची बेरीज 18. तिसरी बाजू?
ग) एक कोन 40 अंश, त्यासमोरची बाजू 9, दुसरी एक बाजू 7. तिसरी बाजू?
घ) काटकोन त्रिकोण, क्षेत्रफळ 25, कर्ण 10. एक भुजा?

चारही पुरेशी आहेत. क मध्ये समद्विभुज असल्याने दुसरा कोनही 70 चा. ख मध्ये नुसती वजाबाकी. ग मध्ये दोरी बांबूपेक्षा मोठी. घ मध्ये भुजांचा गुणाकार 50 आणि वर्गांची बेरीज 100, म्हणजे दोन्ही भुजा समान, कोणती विचारली तरी √50. 'चार प्रश्नांत एक तरी अपुरी असेलच' असं वाटून कुठे उत्तर बदललं असेल, तर तो अंदाज होता.

कागदाबाहेर: ओव्हलवरून राजाबाई टॉवर

रविवारी सकाळी मुलांना घेऊन मी ओव्हल मैदानावर जातो. 1878 मध्ये बांधून पूर्ण झालेला राजाबाई टॉवर समोर दिसतो, उंची साधारण 85 मीटर. ती आपल्याला 'काढायची' आहे. साहित्य: कोनमापक, त्याला दोऱ्याने लटकवलेला खोडरबर म्हणजे आपला ओळंबा, आणि मोजपट्टी.

एका जागी उभं राहून टोकाचा उन्नत कोन, म्हणजे टोक बघायला नजर आडव्या रेषेपासून जेवढी वर करावी लागते तो कोन, मोजला, 45 अंश. पुरेसं आहे? नाही. लांबी कुठे आहे? बुंध्यापर्यंतचं अंतर हवं, पण मध्ये रस्ता आणि आवार आहे, पट्टी नेता येत नाही. टॉवरच्या दिशेने पुढे चालत जाऊन पुन्हा कोन मोजला, समजा 60 अंश. आता पुरेसं? अजूनही नाही, दोन कोन झाले आणि लांबी एकही नाही. दोन जागांमधलं अंतर मोजलं, समजा 35 मीटर. आता मात्र पुरेसं. दूरच्या जागेवर अंतर उंचीएवढं, जवळच्या जागेवर उंची भागिले 1.732, दोन्हींतला फरक म्हणजे उंचीच्या 0.4226 पट, तो 35. उंची साधारण 83 मीटर, त्यात डोळ्यांपर्यंतची दीड मीटर मिळवा.

एक मुलगी दुसऱ्या मोजणीसाठी पुढे न जाता आडवी गेली होती, कारण पुढे क्रिकेटची पिच लागत होती. तिच्याकडेही दोन कोन आणि एक अंतर होतं. पण दोन्ही जागा आणि टॉवरचा बुंधा एका सरळ रेषेत नव्हते, आणि ती किती अंशांत वळून चालली हे तिने मोजलं नव्हतं. तीन आकडे हातात असून तिची माहिती अपुरी होती. वळणाचा तो एक कोन मोजला असता तर तिचंही गणित सुटलं असतं.

सावलीचा मार्ग यापेक्षा सोपा. एक फूटपट्टी उभी धरा, तिची सावली आणि टॉवरची सावली एकाच वेळी मोजा, समरूप त्रिकोणांनी उंची मिळते. इथेही टॉवरच्या सावलीचं माप बुंध्यापासून घ्यावं लागतं, म्हणून हा प्रयोग आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा शाळेच्या झेंड्याच्या खांबावर करा. फक्त मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस सांभाळा. मुंबई साधारण 19 अक्षांशावर असल्याने त्या दिवशी दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. फूटपट्टीची सावली शून्य, खांबाची शून्य, त्रिकोणच नाही. जुलैत बहुधा ढगच असतात. मेमध्ये मात्र तासभर थांबा, सावली पुरेशी लांबली की मोजा.